सदतीस डिग्रीची भट्टी

ताई,

तू गेलीस त्याला अजून महिना व्हायचाय, आणि लोक तुझ्याबद्दल इतकं चांगलं बोलतायत की ते दुसऱ्याच कोणाबद्दल बोलत असावेत असा मला संशय येतो. शोकसभेत तुझ्या कॉलेजातल्या एक बाई म्हणाल्या, 'शांत, सोज्वळ, कधी आवाज चढवला नाही.' मी भावोजींकडे बघितलं, भावोजींनी माझ्याकडे. मला हसू फुटणार एवढ्यात बायकोने, नीताने, कोपराने ढोसलं. माझ्यावर तू चढवलेला आवाज मुलुंडला तुमच्या सोसायटीच्या गेटपर्यंत ऐकू जायचा, हे त्या बाईंना कोण सांगणार?

तेव्हाच ठरवलं की आपण लिहायचं. तुझ्या पदव्या, तुझी नोकरी, यातलं काही लिहिणार नाही, ते त्या सभेत सगळं झालं. आपला जो वाद अर्धा राहिलाय तेवढाच पुरा करायचाय. आयुष्यात पहिल्यांदा मी बोलतोय आणि तू मध्ये तोंड घालत नाहीयेस, आणि खरं सांगतो, मला ते अजिबात आवडत नाहीये.

वाद सुरू कधी झाला? मी बिस्किटांच्या कंपनीत लागलो आणि तू साखरेवर संशोधन करायला घेतलंस, तेव्हापासून. माझं काम तुला फार गमतीचं वाटायचं. भट्टीतून बिस्किटं बाहेर आली की मी पांढऱ्या दिव्याखाली बसायचो, हातात शेड कार्ड, म्हणजे बदामी ते काळपट अशा रंगांच्या पट्ट्यांचा एक पुठ्ठा. बिस्किट पट्टीशेजारी धरायचं आणि सांगायचं, पास, फिकं, नाहीतर जळकं. 'याचे पगार देतात?' असं तू मला चारचौघांत विचारलं होतंस. मी चिडलो होतो, पण मलाही सवय लागलीच होती. तुला बघायला भावोजी आले होते, तेव्हा आत येऊन मी आईच्या कानात सांगितलं, 'जरा जास्त भाजलेत, पण पास.' आईने मला लाटणं दाखवलं होतं. तू मात्र ते भावोजींना लग्नानंतर लगेच सांगून टाकलंस, आणि आजही ते मला भेटले की आधी 'पास ना रे?' म्हणतात.

मग एका रविवारी तू मला घाटकोपरला तुझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेलंस. सगळं बंद, वॉचमनला सांगून दार उघडलंस. कपाटासारख्या दिसणाऱ्या एका उबदार पेटीतून दोन काचेच्या नळ्या काढल्यास. एकीत नुसतं प्रोटीनचं पाणी, दुसरीत तेच पाणी आणि साखर. दोन्ही कित्येक आठवडे अंगाच्या उबेइतक्या उष्णतेत ठेवलेल्या. पहिली होती तशीच होती. दुसरी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली होती. मग तू खोलीतला दिवा घालवलास आणि नळीवर कसला तरी जांभळा दिवा धरलास, तेव्हा ती तपकिरी नळी निळसर चमकायला लागली. मी म्हणालो, 'हे तर आमचंच काम. आमच्याकडे सहा मिनिटांत होतं.'

तू इतकी हसलीस की नळी स्टँडला ठेवावी लागली. मग म्हणालीस, 'अरे येड्या, बरोबर बोललास. तुझ्या बिस्किटाला रंग कशाने येतो? पिठातलं प्रोटीन आणि साखर एकमेकांना चिकटतात, त्याने. अंगात पण तेच होतं. तुझी भट्टी दोनशे डिग्रीच्या वर, सहा मिनिटं. माझी सदतीस डिग्रीची, पण चालते साठ-सत्तर वर्षं.'

ते मला त्या दिवशी पटलं, ताई. समजलंसुद्धा. पण तुला मी ते सांगितलं नाही. 'म्हणजे आपण सगळे बिस्किटं का?' असं काहीतरी बोलून वेळ मारून नेली. तुझ्या कामाचा मला त्या अंधाऱ्या खोलीत किती अभिमान वाटला होता, तेही राहून गेलं. आपल्या घरात असलं बोलायची पद्धत नव्हती. चिडवलं की प्रेम पोचलं असं आपण धरून चालायचो.

पुढे माझी शुगर काठावर आली, तेव्हा तू रिपोर्ट हातात घेऊन मला समोर बसवलंस. 'ही तीन महिन्यांची साखर म्हणतात ना, ती काय आहे माहितेय? तुझ्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला जी साखर चिकटून बसलीये ती. तुझा रंग धरायला सुरुवात झालीये, बंड्या.' मी म्हणालो, पुढे काय होतं? तू सांगितलंस की अशी साखर चिकटलेली प्रोटीनं हळूहळू बदलतात, आणि शेवटी जे तयार होतं ते काही केल्या परत सुटत नाही. काही अंगातच बनतं, काही तळलेल्या-भाजलेल्या खाण्यातून येतं. पेशींच्या दाराला एक बेल असते, ही मंडळी ती सारखी वाजवत राहतात, आणि मग पेशी वैतागते, सूज धरते. अशी बारीक सूज वर्षानुवर्षं राहिली की काय काय होऊ शकतं याचा तुम्ही लोक शोध घेत होतात. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा याच्याशी संबंध आहे का, हा तुझा खास प्रश्न होता.

'मग आहे का?' मी विचारलं होतं.

'संशय आहे. आरोपपत्र नाही,' तू म्हणालीस. काहींना संबंध दिसतो, काहींना दिसत नाही. ज्याच्या अंगात हे जास्त, त्याचं वजनही जास्त असतं, तो भाज्या कमी खातो, सिगारेट ओढतो, मग नेमकं बोट कशावर ठेवायचं? मला हे उत्तर अजिबात आवडलं नव्हतं. माझ्या कामात पास किंवा नापास, मधलं काही नाही.

आणि मग तुलाच झालं. हिमोग्लोबिन का उतरतंय म्हणून तपासण्या सुरू झाल्या आणि मोठ्या आतड्यात गाठ निघाली. तू, जिने चहात कधी अर्ध्या चमच्यापुढे साखर घातली नाही. जिची शुगर कायम नॉर्मल. मी तुझ्या फोनवर नुसता 'बरं, बरं' म्हणत राहिलो आणि फोन ठेवल्यावर बाथरूममध्ये नळ सोडून रडलो.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला कारण हवं होतं. तुमच्या शेजारच्या काकू पलंगाशेजारी बसून म्हणाल्या, 'गोड खाणं नडलं गं. साखर म्हणजे विषच.' तू ऑपरेशन होऊन चार दिवस झालेली, नाकात नळी, तरी म्हणालीस, 'काकू, साखरेचं आणि माझं जुनं भांडण आहे. पण म्हणून तिच्यावर खोटी केस नका टाकू.' काकूंना काही कळलं नाही. ऋजुता, तुझी लेक, तोंडावर ओढणी धरून बाहेर पळाली हसायला.

मला मात्र हसू आलं नाही. सगळे गेल्यावर मी विचारलं, 'ताई, मला खरं सांग. हे त्यानेच झालं का?' तू म्हणालीस, 'शंभर माणसं माझ्यासमोर उभी कर, मी तुला काहीतरी सांगीन. एकटं माणूस उभं केलंस तर मला काही सांगता येत नाही. ते एकटं माणूस मी असले तरी नाही.' आयुष्य ज्या प्रश्नात घातलंस, तो स्वतःवर आला तेव्हाही तू त्याला ओढूनताणून उत्तर दिलं नाहीस. मला त्याचा राग आला होता. आज त्याच गोष्टीसाठी मी तुला मनातल्या मनात सलाम करतो.

त्याच आठवड्यात तुझ्या डॉक्टरांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. ऋजुताने चाळिशीला पोचली की तपासून घ्यायचं, पण सख्ख्या भावाने आत्ताच, काही त्रास असो नसो, दुर्बीण घालून आतडं बघून घ्यायचं. मी मान डोलावली. आणि घरी येऊन काय केलं, तर ते सोडून बाकी सगळं.

तुझ्या जेवणाचा ताबा घेतला. तू शिकवलेलं होतंसच की तपकिरी रंगात गडबड आहे, आणि तपकिरी रंग ओळखण्यात माझा हात कोण धरणार? दर रविवारी विक्रोळीहून तुझ्यासाठी डबा, आणि त्यात एकही डाग नको, असा मी फतवा काढला. पोळीला ठिपका दिसला की बाद. फोडणी लालसर झाली की बाद. नीता पोळी लाटायची आणि मी गॅसजवळ उभा. ती म्हणायची, 'अहो, कच्ची राहतेय ती. ताईंचं पोट आधीच नाजूक, त्यात हे कणकेचे गोळे घालताय.' मी ऐकलं नाही. उकडलेला बटाटा, मऊ भात, दुधी, इडली. तू पहिल्यांदा डबा उघडलास, आत बघितलंस आणि म्हणालीस, 'बंड्या, यात सगळेच आजारी दिसतायत, मी सोडून.'

केमोने तुझ्या तोंडाची चव गेली होती. डॉक्टर म्हणत होते, वजन टिकवा, आवडेल ते खा. आणि तुला काय आवडावं, तर पिठल्याची खरपुडी. लोखंडी कढईच्या तळाला लागलेलं, खरवडून काढायचं, काळपट, कुरकुरीत. लहानपणी आपण दोघं त्यावरून एकमेकांच्या झिंज्या उपटायचो, शेवटी आई मधोमध उलथन्याने रेघ ओढायची. त्याच खरपुडीसाठी तू मला फोन केलास, आणि मी, तुझाच शिष्य, तुला म्हणालो, 'ताई, ते अख्खं तुझ्या संशोधनाने भरलंय, ते तुला देणार नाही.'

त्यावर तू जो आवाज चढवलास तो त्या कॉलेजच्या बाईंनी ऐकायला हवा होता. 'गाढवा, मी लोकांना रोजच्या खाण्याबद्दल सांगते. मला चमचाभर खरपुडी खाऊन आता काय होणारे? आणि तू हे माझ्यासाठी करत नाहीयेस. डॉक्टरांनी तुला एक गोष्ट सांगितली, ती तू केली नाहीस. न सांगितलेल्या चाळीस करत बसलायस. घाबरलायस तू. सरळ सांग ना, फाटलीये म्हणून.'

मी म्हणालो, 'फाटलेली वगैरे काही नाही. मला कामं आहेत.'

'रिटायर झालायस तू.'

फोन मी ठेवला. वाद तिथेच अडकला तो अडकला. पुढे प्रत्येक भेटीत तू 'तारीख घेतलीस?' विचारायचीस आणि मी 'घेतो' म्हणायचो. ज्या दिवशी तू विचारलं नाहीस त्या दिवशी मला कळलं की तू थकलीयेस.

ताई, तुझं बरोबर होतं. मी घाबरलो होतो. आपल्या दोघांची नाकं एक, गुडघे एक, केस गळायचं वय एक. जे तुझ्यात निघालं ते माझ्यातही असणार असं माझ्या मनाने धरलंच होतं, आणि मला ते बघायचं नव्हतं. त्यात मी नोकरीभर दिवसाला पाच-सहा बिस्किटं चाखलेली. तुझ्या पोळीवरचा डाग शोधताना तेवढा वेळ स्वतःच्या पोटाचा विचार करावा लागत नव्हता.

शेवटच्या आठवड्यात एका दुपारी तुला बरं वाटत होतं. हॉस्पिटलचा चहा आला, सोबत दोन बिस्किटं. तू एक उचललंस, खिडकीच्या उजेडात धरलंस आणि मला विचारलंस, 'पास?' मी म्हणालो, 'थोडं फिकं आहे.' तू म्हणालीस, 'नीट बघ. उगाच नापास करू नकोस कोणाला.' मग ते चहात बुडवून खाल्लंस, हळूहळू, सगळं. त्यानंतर तू फार काही खाल्लं नाहीस. मला त्या बिस्किटाचं इतकं बरं वाटतं की काय सांगू.

तेराव्याचं ऐक आता. तुमच्या घरी सगळे जमलेले, ताईच्या आवडीचं काय करायचं यावर चर्चा. कोणी श्रीखंड म्हणालं, कोणी बासुंदी. तुझ्या खऱ्या आवडीचं नाव कोणीच काढत नव्हतं. नीता आतून आली आणि म्हणाली, 'पिठलं. खरपुडीसकट.' एक मावशी म्हणाल्या, तेराव्याला पिठलं कुठे करतात का? मी पण नीताला गप्प करायला निघालो, म्हटलं, शेवटी शेवटी तर तिने खाल्लंही नाही ते, कशाला उगाच.

तेव्हा भावोजी हसले. तू गेल्यापासून पहिल्यांदा. 'खाल्लं नाही? अरे, दर रविवारी खाल्लं. तुझ्या त्या डब्याच्या खाली पिशवीत एक छोटी डबी यायची. नीता द्यायची. तू तिच्यासमोर बसून दुधी खा, दुधी खा म्हणून मागे लागायचास, आणि तू गेलास की ही डबी उघडायची.'

मी नीताकडे बघितलं. ती म्हणाली, 'मग काय करणार? तुम्ही ऐकत नव्हता.' पिशवी मीच न्यायचो, ताई. विक्रोळीहून मुलुंडपर्यंत, मांडीवर धरून, बसमध्ये कोणाचा धक्का लागू नये म्हणून. तुम्ही दोघींनी मला हमाल केलंत. मी तिथेच, सगळ्यांसमोर, हसता हसता रडायला लागलो, आणि मावशींना वाटलं मला काहीतरी झालं. झालं काही नव्हतं. तुला ते मिळालं होतं, एवढंच. माझ्या आडमुठेपणामुळे तू उपाशी राहिलीस हे ओझं मी घेऊन फिरत होतो, ते नीताने परस्पर उतरवून ठेवलं होतं.

जेवणं झाल्यावर भावोजींनी मला गॅलरीत बोलावलं. म्हणाले, 'तुझ्याबद्दल एक बोलली होती, सांगू का?' मी म्हटलं, सांगा. 'म्हणाली, बंड्या जाईल तपासायला. पण मी गेल्यावर जाईल. त्याला सगळं उशिरा सुचतं, पण सुचतं.'

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तारीख घेतली.

आदल्या दिवसाचं पथ्य ऐकून तुला आनंद झाला असता. बिया नकोत, साली नकोत, पालेभाजी नको, नुसता पांढरा भात आणि पांढरा पाव. म्हणजे मी तुला जे महिनोन्महिने चारलं ते मला एका दिवसात कळलं. कसलं बेचव जेवतात गं हे! रात्री ते औषधाचं पाणी, लिटर लिटर, खारट आणि वर लिंबाचा खोटा वास. नीता प्रत्येक ग्लास भरून देत म्हणत होती, 'दुधी खा, दुधी खा.' तू तिला काय काय शिकवून ठेवलंयस कोण जाणे. संडासात बसून मी तुला मनापासून शिव्या घातल्या. बऱ्याच दिवसांनी आपण दोघं बोलतोय असं वाटलं.

तपासणीचं मला काही आठवत नाही, झोपेचं इंजेक्शन देतात. जागा झालो तेव्हा डॉक्टर पडद्यावर फोटो दाखवत होते. एक पॉलिप होता, आतड्याच्या आतल्या अंगाला उगवलेला, वाटाण्याएवढा. तिथल्या तिथे काढून टाकला. रिपोर्ट नंतर आला, कॅन्सर नव्हता. पण हा तसाच राहिला असता तर पुढे त्याने काय रूप घेतलं असतं याची हमी कोणी दिली नसती, असं डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, 'कशाने झाला? बिस्किटं खाऊन? शुगरमुळे? की घराण्यातच आहे?' ते म्हणाले, 'एकट्या माणसाचं असं सांगता येत नाही हो.' मला वाटलं, तू कुठेतरी दाराआडून त्यांना सांगतेयस.

तर आपला वाद काही मिटलेला नाही. साखर दोषी की नाही, हे तुझ्यामागे जे कोणी नळ्या घेऊन बसलेत ते शोधतील. मला तेवढी अक्कल नाही. पण त्या दिवशीचं एक राहिलं, ते सांगतो आणि थांबतो.

मी अजून पलंगावर होतो. हाताची सुई काढायला एक सिस्टर आल्या, तरुण, बोलक्या. म्हणाल्या, 'काका, काही त्रास नसताना आलात तुम्ही? असं कोणी येत नाही आमच्याकडे. लोक सगळं हाताबाहेर गेल्यावर येतात. तुम्हाला कोणी पाठवलं?'

मी म्हटलं, 'मोठ्या बहिणीने. वर्षभर मागे लागली होती.'

'मग आधी त्यांना फोन करा,' त्या म्हणाल्या. 'घरी जाऊन करतो असं नका म्हणू. आत्ता करा. काळजीत असतील ना त्या.'

नीताने तोंड भिंतीकडे फिरवलं. सिस्टर कापूस दाबून धरून माझ्या उत्तराची वाट बघत होत्या. मी 'हो, करतो' म्हणालो.

ताई, मी जाऊन आलो. एक होता, तो काढला. मी बरा आहे. आता काळजी करू नकोस.